सतरावा रकाना

शालनताई लोहार सदतीस टक्के निघाल्या, आणि त्या दिवशी बोरखेलच्या बसस्टँडवर कुणाला चहा गोड लागला नाही.

बाहेरच्या माणसाला वाटेल, सदतीस काय आणि सत्तेचाळीस काय, आकडाच तो. पण दिव्यांगांच्या कागदांच्या दुनियेत चाळीस ही वेस आहे. वेशीच्या आत असलात तर बसची सवलत, पेन्शन, राखीव जागा, सगळं तुमचं. वेशीबाहेर असलात तर तुम्ही धडधाकट, मग घरात भले भिंत धरून चालत असा. शालनताईंचा स्टँडच्या फाटकाशेजारचा पिवळा गाळा राखीव कोट्यातला होता. प्रमाणपत्र गेलं की गाळा गेला. नव्वद दिवसांत रिकामा करून चावी परत.

आणि हे घडलं कुणाच्या बाबतीत, तर जिनं वीस वर्षं अख्ख्या तालुक्याचे अर्ज भरले तिच्या. कुठला दाखला आधी काढायचा, कुठला मागून, जुन्या रेशनकार्डावर नाव चुकलं असेल तर काय जोडायचं, अर्ज फेटाळला तर किती दिवसांत अपील करायचं, हे सगळं शालनताईंना पाठ. माणूस रडत गाळ्यावर आला तर त्या आधी पाणी देत, मग म्हणत, "कागद दाखवा. रडायचं नंतर." दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

ही दोन हजार त्रेचाळीस सालची गोष्ट. आदल्याच वर्षी जिल्हा रुग्णालयात चालपट्टी बसली होती. सरकारी नाव लांबलचक होतं, लोक नुसतं 'पट्टी' म्हणायचे. एका लांब खोलीत जमिनीवर अंथरलेली बारा मीटरची करडी पट्टी. तिच्या पोटात हजारो बारीक ठिपके, पाऊल कुठं पडलं, किती जोरानं पडलं, टाच आधी की चवडा, हे मोजणारे. भिंतीवर कॅमेरे. मांडीला आणि पोटरीला पातळ पट्ट्या लावायच्या. स्नायू हलण्याआधी त्यात विजेची जी हलकीशी लहर उठते, ती त्या टिपायच्या. छताला रूळ आणि त्याला कमरेचा पट्टा, कुणी पडू नये म्हणून. तुम्ही या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं. यंत्राच्या पोटात लाखो माणसांची चाल साठवलेली, तिच्याशी तुमची चाल ताडून बघायची आणि चाळीस सेकंदांत टक्के सांगून मोकळं व्हायचं.

पट्टीपुढं नाटक चालत नाही. कुणी मुद्दाम लंगडलं तर पाय लंगडतो, पण स्नायूतली लहर खरं बोलते. त्यामुळं दलालांची दुकानं बंद झाली, नातेवाइकाच्या ओळखीनं साठ टक्के घेतलेली माणसं शून्यावर आली. लोकांना बरं वाटलं. मग हळूहळू लक्षात आलं की पट्टी आणखीही काही करतेय. जो घरी खाटेवर बसून राहिला त्याला पासष्ट मिळतात, आणि ज्यानं जन्मभर धडपडून, पडून, दात-ओठ खाऊन नीट चालायला शिकून घेतलं त्याला बत्तीस. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

*

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी डॉक्टरांचा बोर्ड बसायचा.

दर बुधवारी जिल्हा रुग्णालयाच्या मागच्या व्हरांड्यात. पहाटेच्या पहिल्या एसटीनं माणसं यायची. कुबड्या, काठ्या, लाकडी गाडे, पाठुंगळी घेतलेली म्हातारी. डॉक्टर साडेअकराला उगवायचे. तोवर चिंचेखाली फडकी सुटायची. कुणाची बाजरीची भाकरी, कुणाचा लसणाचा ठेचा, कुणाचं लिंबाचं लोणचं, आणि ओळख ना पाळख अशी माणसं एकमेकांच्या भाकरीवर हक्कानं वाढायची. डॉक्टर गुडघ्यावर हातोडी मारून कधी पंचेचाळीस म्हणायचे, कधी पन्नास. त्यांचा सकाळचा चहा कसा झाला होता त्यावर ते असायचं. अन्याय व्हायचा, नाही कशाला म्हणा. पण तिथं कुणी कुणाकडं वळून बघत नसे. गावात ज्याच्या चालीची पोरं नक्कल करायची तो इथं चारचौघांतला एक होता. शालनताई आजही कुणाला सांगायच्या, "बोर्ड म्हणजे आमचा बाजार होता बाई, बुधवारचा." आणि मग क्षणभर हातातलं पेन थांबायचं.

कारण हणमंत त्यांना त्याच बाजारात भेटला होता.

सन दोन हजार. शालन एकोणीस वर्षांची, वडिलांबरोबर आलेली. दोन वर्षांची असताना पोलिओनं डावा पाय गेला. मांडीत जोर नाही, म्हणून पाऊल टाकताना गुडघ्यावर हात दाबून धरायची सवय. त्या हातामुळं माणूस अर्धं वाकून चालतं. व्हरांड्यात शेजारी एक गडी बसला होता, डोळे गोवरात गेलेले, चोवीस-पंचवीसचा. हातातली काठी सारखी फरशीवर टेकवायचा. टक. टक. काठीला खाली लोखंडी शेंबी होती, त्याच्या बापानं स्वतःच्या भात्यावर घडवलेली, त्यामुळं आवाज कसा खणखणीत.

"अहो, काठी काय आपटताय सारखी? डोकं उठलं," शालन म्हणाली.

"आपटत नाही, बघतोय," तो म्हणाला. "समोर भिंत आहे. डाव्या हाताला दार उघडं आहे. आणि मघाशी तुम्ही पाणी प्यायला गेलात तेव्हा उजवं पाऊल जोरात टाकलंत आणि डावं ओढलंत. दर वेळी वेगळ्या वेळेला."

शालनला राग आला. चालीबद्दल तोंडावर कुणी बोलत नसे. बोलायचे ते पाठीमागं. ती उठून जाणार तेवढ्यात तो म्हणाला, "रागावू नका. माझं ऐकून एकदा चालून बघा. मी काठी टेकवली की डावा पाय. बाकी काही नाही."

का कोण जाणे, ती चालली. टक, डावा. टक, डावा. आठव्या-नवव्या पावलाला तिला कळलं की आपला हात गुडघ्यावर नाही. नळापर्यंत ती सरळ उभी चालत गेली आणि नळ धरून रडली. आईनं लहानपणी "वाकून चालू नकोस" म्हणून शंभरदा रागवून जे झालं नव्हतं ते एका काठीनं केलं होतं. पुढच्या माघात लग्न झालं. लोक म्हणाले, आंधळ्या-पांगळ्याची जोडी जमली. शालन फटकन सांगायची, "गोष्टीतला पांगळा आंधळ्याच्या खांद्यावर बसला होता. आमच्यात कुणी कुणाच्या खांद्यावर बसत नाही. ह्यांना माझे डोळे, मला ह्यांची काठी."

गाळा तेव्हाचाच. दोघांच्या प्रमाणपत्रांवर मिळालेला. आधी तो पिवळा टेलिफोन बूथ होता. काचेची खोली, आत लाल आकडे पळवणारं मीटर. हणमंताला सहाशे नंबर तोंडपाठ. म्हातारी यायची, नुसतं म्हणायची, "हणमंता, भिवंडीला लाव," आणि त्याची बोटं आपोआप फिरायची. कुणाचा पोरगा दुबईला आजारी आहे, कुणाच्या लेकीला दिवस गेलेत, हे त्याला आवाजावरून घरच्यांच्या आधी कळायचं, पण तो कधी बोलायचा नाही. मोबाईल आले, बूथ गेले, मग झेरॉक्स आली, मग अर्ज. हणमंत तोंडानं नियम सांगायचा, शालन हातानं लिहायची. संध्याकाळी गाळा बंद करून दोघं घरी निघायची. टक, डावा. टक, डावा. मधल्या वर्षांत दोघांच्या मध्ये एक लहान मुलगीही चालू लागली.

चार वर्षांपूर्वी काविळीचं निमित्त झालं आणि हणमंत गेला. काठी तेव्हापासून गाळ्यातल्या खिळ्याला टांगलेली.

*

जुन्या प्रमाणपत्रवाल्यांना पट्टीवर पुन्हा चालावं लागणार, असा आदेश निघाला तेव्हा शालनताई घाबरल्या नाहीत. साठीतलं शरीर, पोलिओचा पाय; चाळीस कुठं जाणार होते. अर्ज त्यांनी स्वतःच भरला. रकाना सोळा, अपंगत्वाचं कारण: पोलिओ. रकाना सतरा, वापरत असलेलं सहाय्यक साधन: नाही. अर्जात रकाना कोरा ठेवायचा नाही, हा त्यांचा पहिला धडा. नसेल तर ठळक 'नाही' लिहायचं. चाचणीच्या दिवशी पट्टीच्या खोलीबाहेर सय्यद मॅडमनी तो अर्ज वाचला. जहांआरा सय्यद, पट्टी चालवणाऱ्या बाई. शब्द विकत आणल्यासारख्या बोलणाऱ्या.

"कॅलिपर, बूट, कुबडी, काही असेल तर काढून ठेवा. झाल्यावर परत मिळेल. सही लागते."

"काही नाही, मॅडम."

खोली कुठली, तर तोच जुना व्हरांडा, भिंती घालून बंद केलेला. शालनताईंनी ओळखला तो फरशीवरून. कडेला जुनी शहाबादी तशीच होती. दाराशी नळाची जागासुद्धा दिसत होती, आता नुसतं बुजवलेलं भोक. त्यांना हसू आलं. मग त्या पट्टीवर उभ्या राहिल्या आणि चालल्या, सुरेख चालल्या. आणि यंत्र म्हणालं, सदतीस.

"भाई, कपाळ माझं," गाळ्यावर परतल्यावर त्या नबीलालला म्हणाल्या. नबीलाल शेजारचा चहावाला, हणमंताचा जिवलग. त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली केला. "अपील करा वहिनी, आणि या वेळी चपलेत खडा घाला. चांगला टोकदार."

"पट्टीला खडा कळतो."

"मग उपाशी जा. चक्कर येईल."

"भाई, वीस वर्षं मी लोकांना काय सांगते? बोर्डापुढं वाढवायचं नाही आणि लपवायचं नाही. आता म्हातारपणी खडा घालू?"

नबीलालनं मान हलवली आणि चहा ओतला. तो चहा तसाच गार झाला.

त्या संध्याकाळी पुण्याहून लेकीचा, रेवतीचा फोन आला. शालनताईंनी तो ओट्यावर ठेवून मोठ्यानं लावला आणि स्वयंपाकघरात वावरत बोलू लागल्या.

"आई, सदतीस म्हणजे चांगलीच बातमी की," रेवती म्हणाली. "आकडा कमी म्हणजे पाय बरा आहे तुझा. गाळा देऊन टाक आणि इकडं ये. किती दिवस त्या पत्र्याच्या खोक्यात बसणार?"

"खोकं नाही ते. तुझे बाबा बसायचे तिथं."

"बाबा गेले, आई."

शालनताई डबे लावत राहिल्या, मोरीपाशी गेल्या, परत आल्या. मग पलीकडून रेवतीचा आवाज आला, वेगळाच.

"आई, जरा चाल बरं."

"काय?"

"चाल. ओट्यापासून दारापर्यंत. बोलू नको."

शालनताई चालल्या. रेवती म्हणाली, "लहानपणी झोपताना मला हेच ऐकू यायचं. तुझी पावलं आणि बाबांची काठी. आत्ता काठी नाही, पण पावलं काठीवरच पडतायत. तू अजून बाबांच्या मागं चालतेस, आई."

शालनताई दारातच थांबल्या. खरं होतं. चार वर्षं त्यांच्या डोक्यात काठी वाजत होती, पावलागणिक, आणि त्यांना ती ऐकू येत नव्हती; घरातल्या घड्याळाची टिकटिक कुठं ऐकू येते आपल्याला. त्या दिवशी जुन्या व्हरांड्यात तर ती दुप्पट जोरानं वाजली असणार. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

*

दुसऱ्या दिवशी त्यांनी नियमावली काढली. चाचणीपूर्वी अर्जदाराची सर्व सहाय्यक साधने काढून ठेवावीत. साधनासह केलेली चाचणी ग्राह्य धरू नये. हा नियम त्यांनी शेकडो लोकांना वाचून दाखवला होता. साधन म्हणजे लाकूड, लोखंड, चामडं असलंच पाहिजे, असं त्यात कुठंही लिहिलेलं नव्हतं.

त्यांनी अपिलाचा अर्ज घेतला आणि सतराव्या रकान्यात लिहिलं: नवऱ्याच्या काठीचा आवाज.

मग त्यांना आठवलं, आपण एकट्याच का? वेशीबाहेर पडलेले तालुक्यात आणखी अकरा जण होते. शालनताईंनी एकेकाला गाठलं. बारगीर गुरुजी, अर्धांगातून उठलेले. ते चालताना मनात बावीसचा पाढा म्हणतात, पाढा चुकला की पाय अडतो. वरच्या आळीची सुंदराबाई शेळीमागं चालते, शेळीच्या गळ्यातल्या घंटीवर. शेळी दवाखान्यात नेली नव्हती, पण घंटी बाईच्या डोक्यात होतीच. अकराच्या अकरा जणांनी कशाचा ना कशाचा आधार घेतला होता. आणि अकराच्या अकरा अर्जांत सतराव्या रकान्यात शालनताईंच्या वळणदार अक्षरात एकच शब्द होता. नाही.

"माझ्या हातचं आहे ते," त्या नबीलालला म्हणाल्या. "मी विचारलंच नाही कुणाला. काठी दिसली नाही की 'नाही' लिहून मोकळी."

*

अपिलाला रेवती रजा काढून आली. कडेच्या बाकावर बसली, मांडीवर बाबांची काठी. पुरावा म्हणून आणलेली. समितीचे प्रमुख डॉक्टर पोतनीस, सत्तरीकडं झुकलेले. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"बाई, मी असा अर्ज आजवर बघितला नाही."

"मी पण लिहिला नव्हता, साहेब."

रेवतीनं फोनवर एक जुनी चित्रफीत लावली. तिच्या पाचव्या वाढदिवसाची, आई-बाबा अंगणातून चालत येताना. शेंबीचा आवाज स्पष्ट येत होता. सय्यद मॅडमनी न सांगता तो मोजला आणि पट्टीवरच्या नोंदीशेजारी ठेवला. मग त्या म्हणाल्या, "एक. पूर्णांक. वीस सेकंद. दोन्हीकडं." पट्टीवरचं प्रत्येक पाऊल सव्वा सेकंदाच्या जरा आधी, चुकूनसुद्धा मागंपुढं नाही. धडधाकट माणसाचं पाऊलसुद्धा इतकं नेमकं पडत नाही.

डॉक्टर खुर्चीत मागं टेकले. "बरोबर आहे," ते म्हणाले. "मेंदूत ऐकण्याची जागा आणि हालचालीची जागा यांचं जुनं सूत आहे. ताल कानावर पडला की पायाला आगाऊ कळतं, केव्हा तयार व्हायचं. अर्धांगाच्या रोग्यांना आम्ही ठोके ऐकवून चालवतो, ते यामुळंच. तुमच्या मांडीत जोर नाही, पण नेमक्या क्षणी गुडघा मागं ताठ झाला तर जोराची गरज पडत नाही. तो क्षण तुम्हाला काठी सांगते. यंत्रानं तुमचा पाय मोजला नाही, बाई. तुमचा पाय आणि तुमचे यजमान, दोघांना मिळून मोजलं."

चार वर्षांत हणमंताबद्दल इतकं खरं कुणी बोललं नव्हतं, आणि बोललं ते एका परक्या माणसानं, सरकारी टेबलामागून.

"आता हे साधन काढायचं कसं?" डॉक्टर स्वतःशीच म्हणाले. "एकच मार्ग दिसतो. कानात बेताल ठोके सोडायचे. एक लवकर, एक उशिरा, कसेही. डोक्यातला ताल त्याच्यापुढं टिकत नाही. तसं चालून दाखवलंत तर मी साधन मान्य करीन. तुमचं केलं तर त्या अकरा जणांचंही करावं लागेल, ते मला कळतंय."

"आणि नंतर?" रेवतीनं विचारलं. "तो ताल परत येतो?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "येत असावा. पण हा चाळीस वर्षांचा आहे आणि मूळ आवाज आता नाही. मोडला तर पुन्हा बसेल असं मी लिहून देऊ शकत नाही."

रेवती उठून आईपाशी आली. "आई, नको. गाळा जाऊ दे. माझ्याकडं चल, मी सगळं बघते. खोकं गेलं तर गेलं, बाबांचा आवाज घालवू नकोस."

परवा गाळा सोड म्हणणारी हीच, आणि आजही गाळा सोडच म्हणत होती. पण आज ती रडत होती. शालनताईंनी तिच्या गालावरून हात फिरवला. गाळा गेला तर हणमंताची जागा जाणार, आणि पट्टीवर चालल्या तर हणमंत. सरकारनं आजवर त्यांच्याकडं नाना तऱ्हेचे दाखले मागितले होते, पण असा कुणी मागितला नव्हता. त्यांना बारगीर गुरुजींचा पाढा आठवला. सुंदराबाईची घंटी आठवली. आपल्या हातची ती बारा 'नाही' आठवली.

"तुझे बाबा असते तर काय म्हणाले असते?" त्या म्हणाल्या. "म्हणाले असते, चुकीचा रकाना आपण भरला, आपणच खोडायचा."

*

शालनताईंच्या पोटरीला पट्ट्या लावल्या. कमरेला पट्टा बांधला. सय्यद मॅडमनी कानांवर हेडफोनचे जाड गोळे चढवले आणि पहिल्यांदाच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

पहिलं पाऊल पडलं. कानात ठोके सुरू झाले, छपरावर कुणी मूठ मूठ दाणे फेकावेत तसे. शालनताईंनी आत कान लावला. टक. होती. दुसऱ्या पावलालाही होती, लांब. तिसऱ्याला त्यांनी तिला धरून ठेवायचा आटापिटा केला, मनात हाकसुद्धा मारली, अहो. चौथ्या पावलाला गुडघा दुमडला आणि त्या पट्ट्यात लोंबकळल्या. रेवती धावणार तेवढ्यात डॉक्टरांनी हात वर केला.

मग शालनताईंचा डावा हात आपसूक गुडघ्यावर गेला. त्रेचाळीस वर्षांनी. त्या अर्ध्या वाकल्या, आणि एकोणीस वर्षांची शालन नळाकडं जाताना जशी चालत होती, अगदी तशी, पाऊल दाबत आणि ओढत त्यांनी उरलेली पट्टी संपवली.

अठ्ठावन्न टक्के.

डॉक्टरांनी सही केली. शेरा लिहिला की सतराव्या रकान्यात यापुढे दृश्य नसलेली साधनंही विचारात घ्यावीत, आणि अकरा अर्ज पुन्हा मागवावेत. सगळं मनासारखं झालं होतं. कानांवरचे गोळे काढले तेव्हा शालनताई भिंत धरून उभ्या होत्या. त्यांनी आत ऐकून बघितलं. छताचा पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी नाव पुकारत होतं. बाकी काही नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदाच डोकं इतकं रिकामं झालं होतं, आणि त्या रिकामेपणाचं काय करायचं ते त्यांना कळेना.

"चल आई, मी धरते," रेवती म्हणाली.

"थांबा," सय्यद मॅडम म्हणाल्या. त्यांच्या हातात एक पोचपावती होती. "नियम आहे. साधन काढलं की चाचणीनंतर अर्जदाराला परत करायचं. सही घेतल्याशिवाय प्रकरण बंद होत नाही."

कुणी हसलं नाही. मॅडम पावती धरून तशाच उभ्या राहिल्या. परत काय करणार, ते त्यांनाही माहीत नव्हतं, पण हलायला त्या तयार नव्हत्या. डॉक्टर टेबलावरचे कागद उगाच सारखे करू लागले.

मग रेवती बाकाकडं गेली. काठी उचलली. आईच्या डाव्या अंगाला, पाऊलभर पुढं येऊन उभी राहिली, बाबा राहायचे तशी, आणि करड्या पट्टीच्या कडेच्या जुन्या शहाबादीवर शेंबी टेकवली.

टक.

शालनताई हलल्या नाहीत.

टक. टक.

"जरा सावकाश," शालनताई म्हणाल्या. "ते घाईचे नव्हते."

रेवतीनं डोळे पुसले आणि पुन्हा टेकवली. टक. शालनताईंनी भिंत सोडली. डावं पाऊल चुकलं. दुसरंही चुकलं. तिसरं जरा उशिरा पडलं, पण पडलं. मायलेकी दारापर्यंत गेल्या, बुजवलेल्या नळापाशी वळल्या आणि टेबलापर्यंत परत आल्या. येताना शालनताईंचा हात गुडघ्यावर नव्हता.

सय्यद मॅडमनी पावती पुढं सरकवली. शालनताईंनी ती सवयीनं आधी पूर्ण वाचली. मग सही केली. खाली एक रकाना होता: परत मिळालेल्या साधनाची स्थिती. कोरा ठेवायचा नाही, हा त्यांचाच धडा.

त्यांनी लेकीकडं बघितलं, आणि वळणदार अक्षरात लिहिलं: नवीन आहे. सवय होईल.